घराएवढी चौकट, माशाएवढी आस

इंकस्केप उघडा. एक छोटा चौकोन काढा आणि त्याच्या क्लोनची वीस ओळी, वीस रकाने अशी मांडणी करायला सांगा. काही सेकंदांत पडद्यावर चारशे घरांची जाळी तयार होते. मूळ चौकोनाचा आकार बदलला, की चारशेही घरं बदलतात. हे जमायला दहा मिनिटं पुरतात. पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि त्याचं उत्तर सॉफ्टवेअर देत नाही: एक घर केवढं ठेवायचं?

हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा फार जुना आहे. तो समजून घ्यायला मालवण तालुक्यातलं तोंडवली गाव बरं. पश्चिमेला अरबी समुद्र, मागे गड नदीची खाडी, मध्ये वाळू, माड आणि सुरू. या किनारपट्टीवर रापण ओढतात. होडीतून जाळं अर्धगोलात समुद्रात सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी मिळून ओढायचे. जे मिळेल त्याचे वाटे पडतात.

जाळ्यातल्या एका घराला आस म्हणतात. हाताने जाळं विणताना प्रत्येक गाठीआधी सूत एका पट्टीवरून घेतात. पट्टी जेवढी रुंद, तेवढी आस मोठी. म्हणजे एक माप ठरवायचं आणि तेच हजारो वेळा उतरवायचं. ग्रिड याहून वेगळी काय असते? फरक एवढाच, की इथे मापावर जीव अवलंबून असतो. आस बारीक केली तर आज टोपली भरते, पण पिल्लंही येतात आणि पुढच्या हंगामाचं नुकसान होतं.

आस कशी बसवली आहे, यानेही फरक पडतो. नेहमीच्या जाळ्यात ती शंकरपाळ्यासारखी तिरकी असते. ताण आला की ती मिटते आणि लहान मासा अडकतो. तीच जाळी 45 अंशांत फिरवून चौकोनी बसवली, तर ओढतानाही घरं उघडी राहतात. म्हणून ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी आस असावी, असा मत्स्यशास्त्रज्ञांचा आग्रह असतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘रोटेट’ दाबण्याएवढीच ही गोष्ट, पण तिने पिल्लू वाचतं.

दुसरी जाळी जमिनीवर पडली. 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून मुंबई इलाख्याची नवी महसूल मोजणी सुरू केली. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे झाले की एक एकर. आजही जमिनीचा भाव आपण याच घरात बोलतो.

पण शेतं चौकोनी नव्हती. मग मोजणीदार शेताच्या मधोमध एक सरळ रेषा धरायचे, शंकूने काटकोन साधायचे आणि बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचं अंतर टिपणात लिहायचे. वेडंवाकडं शेत त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत मोडलं जायचं, क्षेत्रफळ निघायचं. हिशोब चौकोनात व्हायचा, पण त्यासाठी बांध सरळ करावा लागत नसे.

तिसरी जाळी पडद्यावर आली. 1963 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँडने ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम आपल्या पीएचडीसाठी मांडला. प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर रेघ काढता येत होती. प्रबंधातल्या पहिल्याच उदाहरणांपैकी एक म्हणजे षटकोनांची जाळी. एक षटकोन काढायचा, त्याच्या प्रती एकमेकींना जोडायच्या. मूळ आकृती बदलली, की सगळ्या प्रती बदलतात. 1987 मध्ये ॲडोबी इलस्ट्रेटर आलं, 2003 मध्ये मोफत इंकस्केप. सुरुवातीला तुम्ही केलेले क्लोन याच कल्पनेचे वारसदार.

या सोयीचा धोकाही त्यातच आहे. पट्टीवर सूत घेणाऱ्याला प्रत्येक गाठ मारावी लागते. बांध मोजणाऱ्याला प्रत्येक वळणापर्यंत चालावं लागतं. पडद्यावर मात्र एक घर काढलं, की उरलेल्या तीनशे नव्याण्णव घरांखाली काय आहे, हे पाहायची गरजच उरत नाही.

तोंडवली-वायंगणी परिसरात ‘सी वर्ल्ड’ या मोठ्या पर्यटन प्रकल्पाची आखणी झाली, तेव्हा गावातल्या लोकांनी जमिनी द्यायला विरोध केला. प्रकल्प वर्षानुवर्षं कागदावरच राहिला. तो हवा की नको, यावर मतं वेगळी असू शकतात. पण आराखड्यात जो एक रंगीत चौकोन दिसतो, त्याच्याखाली कुणाची कलमं असतात, कुणाचं घर, कुणाची पायवाट. नकाशा किती जवळून पाहायचा, म्हणजेच घर केवढं ठेवायचं, हे ठरवणारा माणूस नकळत हेही ठरवतो, की काय दिसेल आणि काय निसटेल.

ग्रिड काढताना ‘स्पेसिंग’चा रकाना आला, की आपण बहुतेक वेळा आधीच भरलेला आकडा तसाच ठेवतो. पुढच्या वेळी तिथे थोडं थांबून बघा. रापणकराला हाच आकडा प्रत्येक जाळ्यासाठी स्वतः ठरवावा लागला आहे.