फळांतील रंगनिर्मिती आणि प्रकाशाचा रंग

फळ पिकू लागले की त्यातले हरितद्रव्य ओसरते आणि पिवळी, नारिंगी, तांबडी किंवा जांभळी रंगद्रव्ये पुढे येतात. यात फळाला प्रकाश किती मिळतो याबरोबरच तो कोणत्या रंगाचा आहे यालाही महत्त्व असते. लातूर जिल्ह्यात केसर आंबा, द्राक्षे, डाळिंब आणि टोमॅटो होत असल्याने या विषयाचे मुख्य प्रकार तिथे एकत्र अभ्यासता येतात. मात्र लातूर ज्या बालाघाटच्या पठारावर आहे, तिथे फळे पिकण्याच्या दिवसांत उन्हाची वाण नसते. तिथे रंग बिघडतो तो बहुधा उष्णतेने.

रंगद्रव्यांचे दोन गट इथे महत्त्वाचे आहेत. टोमॅटोतले लायकोपीन आणि आंब्याच्या गरातले बीटा-कॅरोटीन ही कॅरोटिनॉइडे होत. काळ्या द्राक्षाची साल आणि डाळिंबाचे दाणे रंगतात ते अँथोसायनिनांमुळे.

प्रकाशाच्या रंगाचा परिणाम सर्वांत स्पष्टपणे उलगडला तो टोमॅटोत. वनस्पतीतले फायटोक्रोम हे प्रथिन सुमारे ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाने कार्यशील होते आणि सुमारे ७३० नॅनोमीटरच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या दूरच्या तांबड्या प्रकाशाने पुन्हा निष्क्रिय होते. तोडलेल्या हिरव्या टोमॅटोंना थोडा वेळ तांबडा प्रकाश दिल्यास लायकोपीन दुपटीहून अधिक वाढते आणि लगोलग दूरचा तांबडा दिल्यास ही वाढ पुसली जाते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. यात फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूच्या निर्मितीत फरक पडला नव्हता. म्हणजे प्रकाशाचा हुकूम पिकण्याच्या हुकमाहून वेगळा आहे. हा प्रकाशाचा हुकूम फळात कसा चालतो, ते बार्सिलोनातील संशोधकांनी २०१६ मध्ये पुढे आणले. कच्च्या फळातले हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते, त्यामुळे आतल्या पेशींना दूरचा तांबडाच जास्त मिळतो आणि कॅरोटिनॉइडे बनवणारे जनुक दबलेले राहते. हरितद्रव्य सरते तसा हा दाब उठतो. आपण किती पिकलो हे फळ स्वतःच्या सालीतून येणाऱ्या प्रकाशावरून ओळखते, ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल. दाट पानांच्या सावलीतही दूरच्या तांबड्याचेच प्रमाण वाढते. प्रकाशाचा रंग बदलण्यासाठी लावलेल्या रंगीत शेडनेटचा परिणाम मात्र बेताने धरावा, कारण जाळीच्या छिद्रांतून येणारे ऊन जसेच्या तसे असते. बदलतो तो फक्त धाग्यांतून गाळून आलेला भाग.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या सगळ्यावर तापमान मात करते. सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सियसच्या वर लायकोपीन नीट तयार होत नाही, बीटा-कॅरोटीन मात्र होत राहते. एप्रिल-मेचा टोमॅटो म्हणूनच पिवळट-नारिंगी राहतो. उघडे पडलेले फळ उन्हाने अधिकच तापते, तेव्हा रंगासाठी पाने काढणे इथे उलटे पडते.

अँथोसायनिनांना चालना देतात ते मुख्यतः निळे आणि अतिनील किरण. अंधारात काही विशिष्ट प्रथिने रंगाची जनुके चालू करणाऱ्या घटकांचा नाश करतात. प्रकाश पडला की तो नाश थांबतो. द्राक्षाच्या काही जाती झाकलेल्या घडातही रंगतात, काहींना थेट ऊन लागते. मण्यांत पाणी उतरल्यावर, म्हणजे ते मऊ पडू लागल्यावर, तापमान ३५ अंशांपर्यंत गेले तर काळ्या द्राक्षांचा रंग फिका पडतो. याच्या उलट तक्रार थॉमसन सीडलेससारख्या हिरव्या द्राक्षांची. रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा ऊन अशा हवेत त्यांचे काही मणी गुलाबी होतात आणि निर्यातीचा माल नाकारला जातो. महाराष्ट्रातले बागायतदार या ‘पिंक बेरी’वर उपाय म्हणून पाणी उतरण्याच्या सुमारास घडांना कागद लावतात. कागदाने प्रकाशही अडतो आणि तापमानातला चढउतारही कमी होतो; यांतला कोणता परिणाम मोठा, हे नुसत्या बागेतल्या अनुभवावरून वेगळे काढता येत नाही.

डाळिंबाचे दाणे जाड सालीआड जवळजवळ अंधारातच लाल होतात. त्यामुळे दाण्याच्या रंगाला हंगाम महत्त्वाचा: पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मृग बहाराची फळे थंडीत पक्व होत असल्याने दाणा गडद येतो, तर कडक उन्हाळ्यात तयार झालेल्या फळाचा दाणा फिका असतो.

केसर आंब्यात दोन्ही गट एकाच फळात दिसतात. झाडावर असताना उन्हाकडच्या खांद्यावर येणारी लालसर झाक अँथोसायनिनाची, म्हणजे प्रकाशाची. गराचा केशरी रंग मात्र अढीत, गवताखाली, अंधारातच चढतो. त्याला लागते ती फळाची पुरती पक्वता, इथिलीन आणि बेताची ऊब. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू सोडून हेच साधले जाते. खांद्यावरची लाली पाहून आंबा उतरवणे म्हणूनच चुकीचे आहे. सावलीतला हिरवा आंबाही पक्व असू शकतो आणि उन्हातला लालसर आंबा कोवळा निघू शकतो. झाडावर पाड लागणे (एखाद-दुसरे फळ आपोआप पिकणे), देठाजवळ खांदे भरून वर येणे आणि कापलेल्या फळाचा गर पिवळसर दिसणे या खुणा तोडणीसाठी अधिक भरवशाच्या आहेत.