बाटली क्रमांक ५३-एन : उपचारातून होणाऱ्या संसर्गाचे एक जुने प्रकरण

मीरा-भाईंदर परिसरातील आपल्या समाजबांधवांना परळची वाट नवी नाही. मोठी शस्त्रक्रिया असो वा दुर्धर दुखणे, लोकलने जाऊन के.ई.एम. किंवा टाटा स्मारक रुग्णालय गाठण्याची वेळ कित्येक कुटुंबांवर आलेली आहे. याच परिसरात, जुन्या राजभवनाच्या वास्तूत, हाफकिन संस्था उभी आहे. जेथे बरे होण्यासाठी जावे तेथूनच नवा रोग घेऊन परतावे, ही आजच्या रुग्णालयांपुढील मोठी चिंता. तिचा विचार करताना या संस्थेच्या इतिहासातील एक दुःखद पान उलगडणे उचित ठरेल.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. मांडवी भागातील रुग्ण तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना मुंबईस पाचारण करण्यात आले. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच देहात टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला आली व तेथून लसीच्या बाटल्या देशभर रवाना होऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी (हे गाव आज पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचण्यात आली. पुढे त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही दगावले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. नोंदी पाहता असे आढळले की, मृतांपैकी प्रत्येकाला ५३-एन या एकाच बाटलीतील लस दिली गेली होती.

चौकशी आयोग नेमला गेला. पंजाबातून मोठी मागणी आल्यामुळे हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी रीत सोडून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण सुरू केले होते. दोष तेथेच असला पाहिजे, बाटली परळमध्येच दूषित झाली असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना प्रयोगशाळेचे प्रमुखपद गमवावे लागले.

परंतु साक्षींमध्ये एक बारीकशी गोष्ट होती. बाटली उघडण्याच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि जंतुनाशकात क्षणभर बुडविल्याने ते मरत नाहीत. शिवाय बाटली भरल्याला ४१ दिवस लोटले होते. जंतू आरंभापासून आत वाढत असते, तर द्रवाला दुर्गंधी आली असती. उघडणाऱ्या डॉक्टरांनी वास घेऊन पाहिला होता; तसे काही जाणवले नव्हते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हा मुद्दा लावून धरला, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरील किटाळ दूर झाले. मध्ये पाच वर्षे गेली. हा काळ मुख्यतः दोषी कोण, या वादात गेला. चिमटा पडल्यावर काय करावयाचे, हा प्रश्न मागे पडला. प्रस्तुत लेखकाला या प्रकरणातील ही बाब सर्वांत खेदजनक वाटते.

हा प्रसंग रुग्णालयाच्या भिंतींत घडलेला नाही, हे खरे. पण रुग्णालयातील संसर्ग याच वाटांनी येतो : हात, उपकरण, सुई, मूत्रनलिका, श्वसनयंत्र. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. ते त्यांना दाखवून देता आले, कारण त्यांच्यापाशी महिनावार आकडे होते. मुल्कोवाललाही बाटलीचा क्रमांक लिहिला नसता, तर सारीच लस बदनाम झाली असती. अमेरिकेत १९७० च्या दशकात झालेल्या विस्तृत पाहणीत असे दिसले की, ज्या रुग्णालयांत संसर्गाची नियमित मोजदाद आणि नियंत्रणाची पक्की व्यवस्था होती, तेथे असे संसर्ग सुमारे ३२ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या देशात केंद्र सरकारने यासंबंधीची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केली आणि अवघ्या काही आठवड्यांत कोरोनाने त्यांची परीक्षा घेतली.

आपल्या वाचकांना यातील शिस्त अपरिचित वाटू नये. पाच समितींपैकी आदान-निक्षेप समिती म्हणजे वस्तू उचलताना व ठेवताना राखावयाची सावधानता. आणि साधु-साध्वी रोज वस्त्र-पात्रांचे पडिलेहण करतात, ते तर निरीक्षणच. हेतू मात्र उलट आहे, हे मान्य केले पाहिजे : तेथे सूक्ष्म जीवांची रक्षा, तर येथे जंतूंचा नाश. तरी प्रमाद कोठे घडतो हे दोन्हींकडे सारखेच ओळखलेले आहे.

आपला समाज रुग्णालयांना सढळ हाताने दान देतो. खाटा, यंत्रे, रुग्णवाहिका यांवर दात्यांची नावे संगमरवरात कोरलेली दिसतात. हात धुण्याच्या बेसिनवर, निर्जंतुकीकरणाच्या यंत्रावर किंवा संसर्गाची नोंदवही सांभाळणाऱ्या परिचारिकेच्या वेतनासाठी दिलेल्या निधीवर असे नाव सहसा आढळत नाही. तसेच शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी आपण दहा-बारा जण मिळून समाचाराला जातो आणि रुग्णाच्या खाटेवर बसतो; प्रेमापोटीच, पण दारातच हात धुऊन एकेकाने आत जाणे अधिक प्रेमाचे ठरेल.

परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते हयात होते, परंतु भारत सोडून त्यांना दहा वर्षे झाली होती. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.