शिंग्रोबाचा खून

खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढू लागले की वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. मोटार हाकणारे तेथे वेग कमी करतात, नाणे टाकतात, हात जोडतात आणि मग पुढची चढण धरतात. खालापूर तालुक्यात या देवाची जी कथा सांगतात ती थोडक्यात अशी : इंग्रजांस मुंबईहून पुण्यास जाण्यासाठी घाटातून मार्ग काढावयाचा होता, पण त्यांच्या साहेबांस तो काही केल्या सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगराने तो दाखवून दिला. बक्षीस काय पाहिजे असे विचारता त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि साहेबांनी त्यास गोळी घातली. दुसरे कोणी म्हणतात की, ही वाट आणखी कोणास कळू नये म्हणून त्यास मारले. कोणी ही गोष्ट गाडीरस्त्याच्या वेळची म्हणून सांगतात, कोणी आगगाडीच्या वेळची. एका खुनास दोन हेतू आणि दोन काळ असले म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाने जरा सावध झालेले बरे.

प्रथम गाडीरस्ता पाहू. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला केला. पण राघोबादादांस गादीवर बसविण्यासाठी निघालेली इंग्रजी फौज त्यापूर्वी पन्नास वर्षे, १७७८ च्या अखेरीस, तोफांसह याच घाटाने वर चढली होती. घाटमाथ्यापलीकडे कार्ल्याची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षे व्यापाऱ्यांचे तांडे या बाजूने कोकणात उतरत आले. तेव्हा १८३० साली घाट कोणी ‘दाखवावा’ असे त्यात गुप्त काही उरलेच नव्हते. हेतू असा गळून पडला म्हणजे खुनाचा आरोपही लंगडा होतो.

आगगाडीची गोष्ट निराळी. १८५६ साली पळसदरीहून खोपोलीपर्यंत फाटा सुरू झाला; पुढे सात वर्षे उतारूंनी खोपोलीस उतरावे, रस्त्याने घाट चढावा आणि १८५८ पासून खंडाळ्यास पुन्हा गाडी धरावी, असा क्रम होता. कर्जतच्या बाजूने घाटात रूळ चढवावयाचे म्हणजे सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट उंची गाठावयाची, आणि चढ कोठेही सदतीस फुटांस एक फूट याहून तीव्र होऊ द्यावयाचा नाही. ही रेषा मेंढरांच्या पायवाटेवरून निघत नाही. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांच्या हाताखालच्या लोकांस त्यासाठी अनेकदा मोजणी करावी लागली. तथापि कडे कोठे ढासळतात, पाणी कोठे सापडते, पावसाळ्यात कोणता ओहळ फुगतो, हे त्यांस दुर्बिणीतून दिसले नसेल. कोणी डोंगरकरी पुढे चालला असलाच पाहिजे, असे आम्हांस वाटते. वाट जाणणाऱ्याची किंमत या तालुक्यास जुनी ठाऊक आहे. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज अडकली ती रानाची माहिती नसल्यामुळेच.

आता खुनाविषयी. एका धनगरास गोळी घातली असे सिद्ध करता येत नाही. मात्र या घाटात माणसे मेली, आणि तीही हजारोंनी, यात शंका नाही. १८६१ साली येथे एका वेळी ४२,००० पर्यंत मजूर राबत होते. पंचवीस बोगदे फोडताना सुरुंगाने आणि दरडींनी माणसे गेली, त्याहून अधिक पटकीने व तापाने नेली. १८५९ साली मजुरीच्या कारणावरून दंगा झाला व पहिले कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. पुढचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर महिन्याच्या आतच वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुरे करविले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. साहेबाचे नाव, बाईचे नाव, गव्हर्नराचे नाव आपणांस ठाऊक आहे. मजुरांपैकी एकाचेही नाही. आमच्या मते शिंग्रोबा हे त्या रिकाम्या जागी लोकांनी लिहिलेले नाव होय. कथेतील स्वातंत्र्याची मागणी मागाहून जोडली असावी. ती भाषा १८५६ च्या धनगराची वाटत नाही. पण काम करवून घेऊन माणसास मारले, हा कथेचा गाभा त्या सात वर्षांच्या हकिकतीशी चांगला जुळतो.

याच वाटेवर दुसरेही एक असे दैवत आहे. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट मारला गेला. मराठ्यांनी शत्रूच्या त्या शूराचे नाव ‘इष्टुर फाकडा’ असे केले, आणि वडगाव मावळात त्याच्या थडग्यास लोक नवस बोलू लागले. इंग्रज मराठ्यांच्या हातून मेला आणि मराठी मुलखात पूज्य झाला! घाटाखालच्या लोकांनी मात्र आपला माणूस निवडला.

१८३० च्या रस्त्यावरील पूल, ज्यास पुढे अमृतांजन पूल म्हणू लागले, तो २०२० च्या एप्रिलमध्ये पाडण्यात आला. द्रुतगती मार्गाने बहुतेक रहदारी दुसरीकडे वळविली आहे. शिंग्रोबापुढे अद्याप नाणी पडतात.