गंजिफांतील बलाबल

बुऱ्हाणपूर शहरात बुधवारा नावाची एक वस्ती आहे. पुण्यातील पेठांप्रमाणे येथील वस्त्यांनाही वारांची नावे मिळालेली दिसतात. बुधवारा, शनवारा, इतवारा ही नावे उच्चारताच तापीकाठच्या या जुन्या शहरातील बाजार, कोष्टी आणि जरीचे कारागीर डोळ्यांपुढे येतात. मोगलांच्या दक्षिणेकडील राजकारणाचे हे प्रमुख ठाणे होते. इ. स. १६०० मध्ये अकबर बादशहा येथे आला, तेव्हा त्याच्या मोहिमेत अबुल फजलही होता. अकबराच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथाचा हा कर्ता. महसूल, सैन्य आणि टाकसाळ यांबरोबरच त्याने त्या ग्रंथात बादशहाच्या खेळांचीही नोंद केली आहे. इतक्या मोठ्या ग्रंथात पत्त्यांच्या खेळाला जागा कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर त्या खेळाच्या रचनेतच सापडते.

गंजिफा हा शब्द मराठीत फारसीतून आला. हिंदुस्थानातील या खेळाचा जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात मिळतो. १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसनला गंजिफा भेट म्हणून पाठविल्या होत्या. अकबराच्या वेळी बारा रंगांचा जोड प्रचलित होता. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा अंकांची पाने, म्हणजे एकंदर १४४ पाने होत. पूर्वीच्या लोकांनी बारा रंग योजले खरे, पण बाराही राजे निरनिराळ्या प्रकारचे असावेत याचे भान त्यांना राहिले नाही, असा आक्षेप अबुल फजलने नोंदविला आहे.

बादशहाच्या जोडात ही उणीव भरून निघाली होती. अश्वपतीचे बळ घोड्यांत, गजपतीचे हत्तींत, नरपतीचे पायदळात. गढपती किल्ल्याच्या आधारावर राज्य करणारा, धनपती खजिन्याच्या, तर दलपती चिलखती वीरांच्या. नवपती नौकेत सिंहासन मांडून बसलेला. तिपतीच्या रंगात राणी राज्य करते आणि तिचा वजीरही स्त्रीच असतो. पुढे सुरपती म्हणजे देवांचा राजा, असरपती म्हणजे जिन्नांवर सत्ता चालविणारा सुलेमान, बनपती म्हणजे वनचरांचा राजा वाघ आणि शेवटी सर्पांचा राजा अहिपती. देव, जिन्न, श्वापदे आणि माणसे एकाच डावात एकमेकांसमोर उभी राहत.

इतक्या भिन्न शक्तींचा मेळ घालावयाचा, तर त्यांचे पारडे समतोल कसे राखावयाचे? खेळाच्या परंपरेने यावर एक सोपा, पण विलक्षण तोडगा काढला. रंगांचे दोन समान गट पाडण्यात आले. बलाढ्य रंगांना ‘बेशबर’ आणि दुर्बळ रंगांना ‘कमबर’ म्हणत. दोन्हींत राजा व वजीर श्रेष्ठच; परंतु बलाढ्य रंगात वजिराच्या खालोखाल दश्शीचा मान असे आणि एक्का सर्वांत शेवटी. दुर्बळ रंगात हा क्रम उलटा. तेथे वजिरानंतर एक्का येई आणि दश्शी तळाला जाई.

या उलट क्रमाचा परिणाम थोडा हिशेब केला म्हणजे स्पष्ट होतो. बलाढ्य रंगातील दश्शी आपल्या रंगातील नऊ अंकांवर मात करते. दुर्बळ रंगातील दश्शीला एकही अंक जिंकता येत नाही. एक्क्याचे नेमके याच्या विरुद्ध. पंजी एका ठिकाणी चार पानांना जिंकते, दुसऱ्या ठिकाणी पाच पानांना. कोणताही अंक घेतला, तरी दोन्ही प्रकारच्या रंगांतील त्याच्या विजयांची बेरीज नऊच येते. पाने वाटल्यावर कोणाच्या हाती लहान अंकांची भरती झाली, तरी त्याने हताश होण्याचे कारण उरत नाही. आपले बळ कोणत्या रंगात आहे, एवढे त्याने ओळखले पाहिजे.

अकबराने आठ रंगांचा जो जोड सुधारला, त्यात त्याची दृष्टी आणखी निराळी दिसते. राजा, वजीर आणि दहा पाने ही चौकट कायम राहिली. अंकांच्या पानांवर मात्र बादशाही कारखान्यांतील माणसे आली. खजिन्याच्या रंगात जवाहिऱ्या, धातू वितळविणारा, वजन करणारा आणि नाणी पाडणारा. दप्तराच्या रंगात कागद तयार करणारा, लेखनिक आणि पुस्तके बांधणारा. राज्य कोणाच्या हातांवर चालते, याचा तो चित्रमय पाठच होता.

चौपडीच्या बाबतीत बादशहाचे खास दरबारी नियम होते. सोळा डाव पुरे केल्याखेरीज कोणी घरी जावयाचे नाही. कंटाळून चुळबुळ करील त्याने मद्याचा पेला रिकामा करावयाचा. वरवर पाहता ही करमणूक होती. परंतु खेळता खेळता माणसांची पारख करणे हा बादशहाचा हेतू होता, असे अबुल फजल सांगतो.

डावाबाहेर मात्र नियम इतके निश्चित राहत नाहीत. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर अशीरगड आहे. तेथे फारुकी घराण्याचा बहादूरशहा गडाच्या भरवशावर मोगलांना तोंड देत होता. गंजिफांच्या भाषेत बोलावयाचे, तर तो खराखुरा गढपती. १६०० सालच्या अखेरीस तो गडाखाली आला आणि पुन्हा वर जाऊ शकला नाही. अभयाची शपथ देऊन त्याला बोलाविले व नंतर अडकवून ठेवले, आणि गडावरील सरदारांना द्रव्य देऊन वश केले, असे जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात आहे. अबुल फजलच्या इतिहासात ही हकीकत निराळ्या रीतीने येते. जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या हाती पडला. पाद्र्यांचे म्हणणे खरे मानले, तर गढपतीला हरविले ते धनपतीने. आणि तेही डावाचा नियम मध्येच बदलून.

मराठी मुलखात हा खेळ दशावतारी रूपाने रुजला. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगविलेल्या गोल गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पाने असतात. तिघे खेळाडू बसले की प्रत्येकाला चाळीस पाने येतात. येथेही पाच रंगांत दश्शी वरचढ, तर पाच रंगांत एक्का. पहिल्या उतारीचा मानही एकाच अवताराकडे कायम राहत नाही. दिवसा ज्याच्याकडे राम असेल तो डाव सुरू करतो, रात्री ज्याच्याकडे कृष्ण असेल तो. काही ठिकाणी संधिकाळी किंवा पावसात हा मान आणखी एखाद्या अवताराला देत. हे घराघरांतले संकेत होत. परंतु पाने हातात येण्यापूर्वीच ते सर्वांना ठाऊक असत. पुढे छापील पत्ते आले आणि ही कला लोप पावू लागली. १९७० नंतर सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला राजवाड्यात आश्रय देऊन पुन्हा उभे केले.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अद्भुत कथेचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू योद्धा, मांत्रिक किंवा धर्मोपदेशक यांपैकी एखादी भूमिका घेतो. मांत्रिक आरंभी दुबळा असतो. मात्र टिकून राहिला तर पुढे भारी ठरतो. योद्धा व मांत्रिक यांचे पारडे समतोल कसे ठेवावे आणि घरचे नियम किती चालवावेत, यावर त्या खेळाचे रसिक आजही वाद घालतात. त्या वादाचे मर्म गंजिफांनी फार पूर्वी ओळखले होते. सर्वांना सारखे बळ दिले, तर बारा राजे असण्यात अर्थ उरत नाही. आणि एकालाच सर्व बळ दिले, तर इतरांनी डावाला बसण्यात अर्थ उरत नाही. प्रत्येकाला कोठे तरी श्रेष्ठ ठरता यावे, एवढी सोय नियमाने करावयाची असते.

आणि तो नियम पाने वाटण्यापूर्वी ठरलेला असावा लागतो. वाटलेली पाने पाहून जो नियम बदलतो, त्याला त्या दिवशी गड मिळेल. परंतु त्याच्यासमोर दुसऱ्या डावाला बसण्यास कोणी राजी होणार नाही.