दाखवायचे पत्र आणि पुरवणी

२८ जून १५५३ रोजी इग्नेशियस लोयोलाने रोमहून आपला जुना सोबती फ्रान्सिस झेवियर याला एक पत्र लिहिले. पूर्वेकडचे काम दुसऱ्यांवर सोपवून युरोपात परत यावे, अशी त्यात आज्ञा होती. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांच्वान बेटावर निवर्तला होता. जवळजवळ सात महिने लोटले होते आणि रोमला त्याची वार्ताही नव्हती.

चरित्रकार हा प्रसंग करुण म्हणून सांगतात, आणि तो तसा आहेही. आम्हांला मात्र त्यात एक व्यावहारिक प्रश्न दिसतो. ज्या संघाच्या प्रमुखाची आज्ञा कधीकधी मृताच्या नावे निघते, तो संघ एकत्र राहतो कसा? लिस्बनहून जहाजे मार्च-एप्रिलमध्ये सुटत आणि सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीच्या वाऱ्यावर निघत. प्रश्न विचारून उत्तर हाती पडेपर्यंत दीड-दोन वर्षे सहज जात. मलाका, मोलुक्का, जपान इथल्यांचे तर विचारूच नये. कॅथलिक परंपरेतल्या जुन्या मठांपुढे हा प्रश्न नव्हता. बेनेडिक्टचे भिक्षू एका छपराखाली राहत, दिवसातून अनेक वेळा प्रार्थनेला एकत्र जमत, आणि रुसवाफुगवा झालाच तर तो दुसऱ्या दिवशी एकमेकांची तोंडे पाहून मिटवावाच लागे. १५४० मध्ये पोप तिसऱ्या पॉलची मान्यता मिळालेल्या येशूसंघाने, म्हणजे जेझुइटांनी, एकत्र प्रार्थनागायनाची ती चाल मुद्दामच स्वीकारली नाही. माणसे पाठवायची होती, बसवून ठेवायची नव्हती. झेवियर तर मान्यतेचा कागद निघण्यापूर्वीच, मार्च १५४० मध्ये रोम सोडून गेला होता. पुन्हा त्याची आणि लोयोलाची गाठ पडली नाही. या लोकांचे छप्पर म्हणजे पत्र.

या दृष्टीने लोयोलाने १० डिसेंबर १५४२ रोजी पिएर फाव्रला लिहिलेले पत्र आमच्या मते संघाच्या कित्येक गंभीर आज्ञापत्रांहून महत्त्वाचे आहे. तक्रार वरवर किरकोळ वाटते. रोममधली मातब्बर माणसे आणि हितचिंतक सोबत्यांची पत्रे पाहायला मागतात, आणि ती दाखवता येत नाहीत. कारण लिहिणाऱ्याने कामाचा वृत्तांत, घरगुती कुरबुर आणि नको ते विषय एकाच कागदावर कालवलेले असतात. उपाय असा की पत्राचे दोन भाग करावेत. मुख्य पत्रात ज्याने वाचणाऱ्याचे कल्याण होईल तेवढेच असावे, आणि ते एकदा लिहून, तपासून, कोणीही वाचेल असे गृहीत धरून पुन्हा लिहावे. आपण स्वतः असेच करतो, असे लोयोला सांगतो. तोंडचा शब्द सावरून घेता येतो, कागदावरचा शब्द मात्र साक्षीला उभा राहतो, असे त्याचे म्हणणे. बाकीचे सगळे, म्हणजे प्रकृती, व्यवहार, मनातली खळबळ, हे वेगळ्या कागदावर घालावे. तिथे घाईने लिहिले तरी चालेल, क्रम नसला तरी चालेल. त्या कागदाला स्पॅनिशमध्ये जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘धाकटी लेक’ असा होतो. आम्ही त्याला पुरवणी म्हणू.

सर्वांना हे रुचले नाही. पहिल्या सोबत्यांपैकी निकोलास बोबादिया हा तापट गृहस्थ. पत्रांच्या या कटकटीला वेळ कोणाकडे आहे, अशा सुरात त्याने उलट लिहिले. १५४३ मधले लोयोलाचे उत्तर वाचण्यासारखे आहे. तो मुद्द्यावरून हटत नाही, पण आवाजही चढवत नाही. उलट वेळ पडल्यास आपले पद दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याची भाषा करतो. बोबादिया संघातच राहिला. पहिल्या सात-आठ जणांतल्या कोणाचे कोणाशी किती पटत होते हे पाहिले, म्हणजे यात किती कमावले गेले ते कळते.

पुढे १५४७ मध्ये हुआन द पोलांको चिटणीस झाला आणि या सवयीचा त्याने नियम केला. त्याने पत्रलेखनाची वीस कारणे मांडली. त्यांत पहिले कारण संघाचे ऐक्य. संघाच्या घटनेच्या आठव्या भागात तर पांगलेल्यांना जोडून ठेवण्याचा विचार करताना पत्रव्यवहाराचे वेळापत्रकच आले: स्थानिक प्रमुखाने प्रांताधिकाऱ्याला कधी लिहावे, प्रांताधिकाऱ्याने रोमला कधी, आणि दर चार महिन्यांनी एक वृत्तांत देशभाषेत व एक लॅटिनमध्ये, तोही दोन-दोन प्रतींत. पुढे तो वार्षिक झाला. लोयोलाच्या नावावर आज सहा हजारांहून अधिक पत्रे आहेत. त्यांतली फार थोडी धर्मचिंतनाची, बहुतेक कारभाराची.

आता कोणी म्हणेल, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. अंशतः ते खरेही आहे. १५४९ मध्ये मोलुक्कातल्या सहकाऱ्याला सूचना देताना झेवियर बजावतो की रोमला जायच्या पत्रात ज्याने बोध होणार नाही ते घालू नये, कारण ही पत्रे पुष्कळांच्या हाती पडतात. त्याला ते अनुभवाने ठाऊक होते; कोचीनहून १५४४ मध्ये लिहिलेले त्याचे पत्र पुढच्याच वर्षी पॅरिसला छापून निघाले होते. पण दोन दातांची म्हण इथे पुरती लागू पडत नाही. तक्रारीला बंदी नव्हती, तिला पत्ता ठरवून दिला होता. जो निवारण करू शकेल त्याच्याकडे ती जावी, जो फक्त चघळेल त्याच्याकडे जाऊ नये, इतकाच त्याचा अर्थ. चव्हाट्यावरच्या तक्रारीतून पक्ष तयार होतात. दोन वर्षांच्या अंतरावर असलेल्या पक्षांचा समेट कोण घडवणार?

गोव्यात हे यंत्र एकदा चांगलेच अडखळले. आंतोनियु गोमिश १५४८ मध्ये आला आणि सेंट पॉल महाविद्यालयाचा प्रमुख झाला. विद्वान, उत्तम वक्ता, आणि कारभारात हेकट. इथल्या मुलांसाठी असलेल्या त्या संस्थेतून त्याने देशी मुलांना वाट दाखवली आणि पोर्तुगीज विद्यार्थ्यांना जागा केली. झेवियर तेव्हा जपानात. येशूसंघ म्हणजे प्रेमाचा आणि एकमताचा संघ, धाकाचा नव्हे, असे त्याने जानेवारी १५४९ मध्येच कोचीनहून लोयोलाला कळवले होते. पण पत्रातले मत गोव्याच्या दारापर्यंत धावत जात नाही. १५५२ मध्ये परतल्यावर झेवियरने गोमिशला आधी दिऊला धाडले, मग संघातून काढले. कोचीनमध्ये गोमिशने ज्या बंधुमंडळाचे चर्च घेतले होते ते त्या मंडळाला परत केले. गोव्याचा कारभार गास्पार बार्झेउसकडे देताना लेखी सूचना दिल्या; त्यांचा रोख नम्रतेने आणि माणसे न तोडता कारभार कसा करावा यावर आहे. गोमिश रोमला दाद मागायला निघाला आणि १५५४ मध्ये जहाज फुटून बुडाला. पत्रावर विसंबणाऱ्या संघाला शेवटी हजर माणूसच लागला, हे आम्हांला इथे नोंदवावेसे वाटते.

मात्र या शांततेची हद्दही पाहिली पाहिजे. १० मे १५४६ रोजी अंबोयना बेटावरून झेवियरने युरोपातल्या सोबत्यांना लिहिले की तुमच्या पत्रांतून तुमच्या हातच्या सह्या कापून घेऊन मी त्या जवळ बाळगतो. बंधुभावाचे याहून बोलके चित्र सापडणे कठीण. त्यानंतर सहाच दिवसांनी, १६ मे रोजी, त्याच बेटावरून त्याच हाताने पोर्तुगालच्या राजाला पत्र गेले. त्यात हिंदुस्थानात इन्क्विझिशन आणावे अशी विनंती होती. गोव्यात ते १५६० मध्ये सुरू झाले आणि कायमचे बंद झाले ते १८१२ मध्ये. तिसवाडीतली देवळे तर झेवियर येण्यापूर्वीच, १५४० मध्ये पाडली गेली होती. जपून, दोनदा लिहिण्याची शिस्त सोबत्यांपुरती होती. ज्यांच्याविषयी लिहिले जात होते त्यांना ना मुख्य पत्रात जागा होती, ना पुरवणीत.

आणि संघालाही त्याची किंमत मोजावी लागली. आलेस्सांद्रो वालिन्यानो १५७९ मध्ये जपानला उतरला तेव्हा पत्रांतले जपान आणि डोळ्यांपुढचे जपान यांत त्याला काळ्या-पांढऱ्याइतके अंतर दिसले. बोधप्रद पत्रे वाचून तयार झालेला अधिकारी बोधप्रद पत्रांनीच फसला होता. त्याने उपाय केला तोही पत्राचाच: सुट्या पत्रांऐवजी सगळ्या ठाण्यांची माहिती एका हाताने जुळवून लिहिलेला वार्षिक वृत्तांत. साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे थांबावे. त्या काळाविषयी आपण जे जेझुइट साधन म्हणून वाचतो, ते पुष्कळदा मुख्य पत्र असते. पुरवण्या आणि केवळ संघप्रमुखानेच उघडायची पत्रे दप्तरात पडून होती. योझेफ विकी यांनी संपादलेल्या ‘दोकुमेंता इंदिका’चे १८ खंड १९४८ ते १९८८ या काळात निघाले, तेव्हा पुष्कळशी दोन्ही प्रकारची पत्रे शेजारी शेजारी वाचायला मिळाली. एकाच घटनेचे दोन सूर ऐकू येतात तेव्हा कोणता खोटा हे ठरवण्याची घाई आम्ही तरी करणार नाही. दोन्ही एकाच शिस्तीची अपत्ये आहेत.

मराठी वाचकाला या दप्तरातले एक पत्र विशेष जवळचे वाटेल. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आला. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्याने संघप्रमुख आक्वाविव्हाला पत्र लिहिले, आणि ते संपवता संपवता बरीच वर्षे मनात असलेली एक इच्छा मांडली: इथल्या भाषेतली पुस्तके इथल्याच लिपीत छापली जावीत, मलबारात छापतात तशी. अडचणी दोन. एक म्हणजे अक्षरांचे साचे सहाशेच्या घरात जातात. ते दोनशेवर आणता येतील असे तो सांगतो. दुसरी म्हणजे प्रमुखाच्या संमतीवाचून हे काम होऊ शकत नाही. अ. का. प्रियोळकरांमुळे हे पत्र आपल्या मुद्रणेतिहासात आले. त्याचा सूर मात्र नीट ऐकावा. तीस वर्षे गोव्यात घालवलेला, इथल्या भाषेत पुराण रचण्याची ताकद असलेला माणूस कुठेही चिडत नाही, वरिष्ठांनी उशीर केला असे म्हणत नाही. तो मागणी करतो, आकडे देतो आणि जहाजाची वाट पाहतो. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले, ते रोमन लिपीत. त्यानंतर तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, स्टीफन्स गोव्यातच वारला.