उंदीर पडू लागले की...

माझ्या आजीच्या बोलण्यात एक वाक्य हमखास यायचे, "उंदीर पडू लागले की घर सोडावं." लहानपणी मला वाटायचे, उंदीर माळ्यावरून खाली पडतात की काय! पुढे कळले, पडणे म्हणजे मरून पडणे. प्लेगच्या दिवसांत लोक घराला कुलूप लावून शेतात झोपड्या घालून राहत, ते याच खुणेवरून.

परवा देवळीच्या घराचा माळा झाडायला काढला. सगळीकडे उंदरांच्या लेंड्या. आजीची आठवण झाली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. बंदराजवळची धान्याची कोठारे म्हणजे उंदरांचे माहेरघरच. १८९७ मध्ये साथ पुण्यात भडकली. गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. १० मार्चला रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास मी वर्गात कितीदा शिकवला! पण एक प्रश्न मुलांनी कधी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही. उंदरांना प्लेग कसा होत होता?

त्याचे उत्तर १८९८ मध्ये कराचीत मिळाले. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने एक आजारी आणि एक धडधाकट उंदीर जवळ ठेवले, मध्ये जाळी. एकमेकांना स्पर्श नाही, तरी धडधाकट उंदीर प्लेगने मेला. जाळीतून गेली होती ती पिसू. बरीच वर्षे हे कुणी मनावर घेतले नाही. मग १९०५ पासून मुंबईत प्लेग आयोगाने हजारो उंदीर तपासले. साथ आधी गटारातल्या तपकिरी उंदरांत येई, दहाएक दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर माणसांत. उंदीर मेला, अंग गार पडले, की पिसवा दुसरे रक्त शोधायला निघत. उंदीर संपले की माणूस.

म्हणजे आजी बरोबर सांगत होती. १८९७ साली सरकार माणसांच्या जांघेत गाठी शोधत होते आणि सांगावा आणणारा उंदीर जिन्याखाली मरून पडला होता. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातही आधी उंदीरच पडले होते.

पण ही खूण सगळ्या रोगांना लागू नाही, हे मला अलीकडे वाचनातून कळले. प्लेगचा जंतू उंदराला मारतो. हंता नावाचा विषाणू मारत नाही. उंदीर आपसांत भांडतात, चावतात, तेव्हा तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मग तो उंदीर जन्मभर ठणठणीत हिंडतो आणि लाळेतून, मुतातून विषाणू टाकत राहतो. ते वाळून धुळीत मिसळते आणि धूळ आपल्या नाकात जाते. इथे कुणी पडत नाही, कुणी सूचना देत नाही.

म्हणून मी हातातला झाडू खाली ठेवला. खिडक्या उघडून थोडा वेळ वारा येऊ दिला, नाकाला फडके बांधले, हातमोजे घातले, ब्लिचिंगचे पाणी शिंपडले आणि मग ओल्या फडक्याने माळा पुसून घेतला. सूनबाई हसली. हसू दे!

असो. तुमच्या आजी-आजोबांनी प्लेगच्या झोपड्यांबद्दल काही सांगितले असेल, तर जरूर लिहा. ती पिढी गेली, आता आठवणी तरी राहाव्यात.