साठचे दशक, अमेरिकेतील : अंतराळमोहीम व नागरी हक्कांचा लढा

कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा आणि चंद्रावर माणूस उतरवण्याची मोहीम एकाच वेळी चालली, तो अमेरिकेच्या इतिहासातील कालखंड (१९६०–६९). दोन्हींची हकिगत बहुधा वेगवेगळी सांगितली जाते. प्रत्यक्षात माणसे, गावे आणि तारखाही एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

४ मे १९६१ रोजी गोरे व कृष्णवर्णीय प्रवासी बसस्थानकांवरील वर्णभेद मोडण्यासाठी वॉशिंग्टनहून दक्षिणेकडे निघाले. दुसऱ्याच दिवशी ॲलन शेपर्ड अंतराळात जाणारे पहिले अमेरिकी ठरले. १४ मे रोजी ॲलाबामातील ॲनिस्टनजवळ जमावाने त्या प्रवाशांची बस पेटवून दिली. याच राज्यात, हंट्सव्हिलच्या मार्शल केंद्रात, चंद्रमोहिमेसाठीचे सॅटर्न अग्निबाण घडत होते. २५ मे रोजी अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी चंद्र गाठण्याचे उद्दिष्ट काँग्रेससमोर ठेवले.

व्हर्जिनियातील लँग्ली प्रयोगशाळेत कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्रियांना वेगळ्या विभागात बसवले जाई. १९५८ मध्ये नासा ही अंतराळसंस्था स्थापन झाल्यावर तो विभाग मोडला. तिथल्याच कॅथरीन जॉन्सन यांनी १९६२ मध्ये जॉन ग्लेन यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची संगणकाने काढलेली आकडेमोड हाताने पडताळली. ग्लेन यांनीच तसा आग्रह धरला होता.

१९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा ही लढ्याची मोठी फळे. गरिबी मात्र हटली नव्हती, आणि १९६६ मध्ये संघराज्याच्या खर्चातील चार टक्क्यांहून अधिक वाटा नासाकडे जात होता. एप्रिल १९६८ मध्ये या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली.

चळवळीतील त्यांचे वारसदार रॅल्फ ॲबरनॅथी १५ जुलै १९६९ रोजी, माणूस चंद्रावर उतरवणाऱ्या अपोलो–११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, गरीब कुटुंबे आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीच्या उड्डाणतळावर पोहोचले. नासाचे प्रमुख टॉमस पेन उघड्या मैदानात त्यांना सामोरे गेले. उड्डाणाचे बटण न दाबल्याने गरिबी हटणार असेल तर ते दाबणार नाही, असे पेन म्हणाले. ॲबरनॅथींनी अंतराळवीरांच्या सुखरूपतेसाठी प्रार्थना केली. या भेटीत कोणीही कोणाला शत्रू मानले नाही. चंद्रावरच्या पाऊलखुणेइतकीच ती स्मरणात राहायला हवी.

चंद्रावर चाललेल्या बारा जणांत एकही स्त्री वा कृष्णवर्णीय नव्हता. अंतराळात जाणाऱ्या पहिल्या अमेरिकी स्त्री सॅली राइड आणि पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी गायन ब्लुफर्ड तिथे पोहोचले ते १९८३ मध्ये.